आबांकडं पहाटं येणारी बाई

आमच्या वरकुट्यात कुठली वस्तू बाईची आणि कुठली बाप्याची, हे भगवानआबांना विचारल्याशिवाय ठरत नाही. ट्रॅक्टर बाप्याचा आणि स्कूटी बाईची, हे तर कुणीही सांगेल. आबांचा अभ्यास त्याच्या पुढचा. नारळ बाप्याचा, पेरू बाईचा. कात्री बाईची, पण झाडं छाटायची मोठी कात्री बाप्याची. टॉर्च बाप्याची, काडेपेटी बाईची. वीज गेली की आबा अंधारात टॉर्च शोधत चाचपडतील, पण समोरच्या काडेपेटीला हात लावणार नाहीत. ऊस हे त्यांच्या लेखी बाप्याचं पीक आणि ढोबळी मिरची बाईचं. यात मात्र ते चुकले असं मी म्हणणार नाही. ऊस लावला की बाप्या कट्ट्यावर जाऊन बसायला मोकळा होतो. मिरचीला रोज उठून काहीतरी लागतं.

आबा म्हणजे माझे चुलत दीर. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मधे एकच भिंत, त्यामुळं त्यांचं खोकणं आमच्याकडं ऐकू येतं आणि आमची भांडणं त्यांच्याकडं. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, धुतलेली टोपी, आणि बोलणं असं की समोरच्यानं वहीच काढावी. वाद घालायला कुणी गेलंच तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "ताकद कमीजास्त न्हाय. ताकद येगळी हाय."

हे वाक्य इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या लग्नांनी ऐकलंय. अक्षता पडायच्या आधी आशीर्वाद द्यायला पाहुण्यांची नावं पुकारतात, त्यात आबांचं नाव असायचंच. नसलं तर ते माइकवाल्याच्या इतक्या जवळ जाऊन उभे राहायचे की त्याला लाजेनं माइक द्यावा लागायचा. मग भाषण. बाप्या म्हणजे बांध आणि बाई म्हणजे वाफा. बांध नसला तर पाणी वाहून जातं, वाफा नसला तर बांध घालायचा कशाला. दोघांची ताकद येगळी, म्हणून दोघांनी आपापल्या जागी ऱ्हावं. टाळ्या पडायच्या. मी पंगतीच्या कडेला बसून मनात म्हणायचे, व्हय आबा, खुरपायचा वाफा, भिजवायचा वाफा, पिकवायचा वाफा, आणि बांधानं नुसतं पडून राहायचं.

पण आबांचं खरं नाव झालं ते मुली बघण्यात. त्या काळी पै-पाहुण्यांत कुणाचं लग्न काढलं की मुलगी बघायला आबांना सोबत न्यायचे. त्यांना म्हणे मुलगी कळायची. पोह्याची ताटली हातात घेऊन ते मुलीला सांगायचे, दारापर्यंत जाऊन ये. मग म्हणायचे, हात दाव. तळहात बघायचे, उलटा करून नखं बघायचे. बाजारात म्हैस घेताना माणूस निदान दूध किती देते विचारतो, आबा तेही विचारायचे नाहीत, स्वतःच ठरवायचे. मग एक अवघड प्रश्न, आणि मग निकाल. कितीतरी मुलींना त्यांनी नापास केलं. त्यातली एक मी.

माझं माहेर लासुर्ण्याकडचं. आबा त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावासाठी मला बघायला आले होते. चालून झालं, हात दाखवून झाले. मग त्यांनी विचारलं, चुलीवर दूध उतू चाललंय आणि त्याच वेळेला दारात पाव्हणं आलं, तर आधी काय करशील? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, पाव्हण्यांनाच म्हणीन, जरा तेवढं दूध उतरवा, मी पाणी आणते.

माझ्या वडिलांचं तोंड काळवंडलं. दारात उभा असलेला एकच माणूस हसला, तो जीप चालवायला म्हणून बरोबर आलेला आबांचा चुलत भाऊ. आबांनी निकाल दिला की पोरगी हुशार हाय, पण हिच्यात बाईची ताकद न्हाय. मग थोड्याच दिवसांत त्या जीपवाल्यानं स्वतःसाठी मागणी घातली आणि मी या गावात आले, परीक्षकांच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहायला. तेव्हापासून मी आबांसमोर डोक्यावर पदर घेते आणि पदराच्या आडून त्यांचं सगळं बघते.

त्यांची बायको सुमनअक्का. आबांनी केलेल्या परीक्षेत पहिली आलेली. तिच्यात बाईची सगळी ताकद होती, आणि आबांनी ती सगळी वापरली. धारा तिच्या, मिरचीचा तोडा तिचा, स्वयंपाक तिचा, पाहुणे तिचे. एका वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं ती मिरची तोडायची. मी आबांना म्हटलं, दवाखान्यात न्या. आबा कट्ट्यावर चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायचे, बाईला सोसायची ताकद देवानं दिलीया, बाप्याला असलं दुखणं आलं असतं तर कवाच आडवा झाला असता. आणि ते कौतुकच होतं हो, तेच तर वाईट. त्या माणसाला खरंच वाटत होतं की आपण बायकोची स्तुती करतोय.

बारामतीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की इतके दिवस काय करत होता. आबा म्हणाले, ती कामं करत हुती. महिन्याभरात अक्का गेली. त्याबद्दल मी आबांना माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

मागं राहिले आबा आणि समाधान. समाधान त्यांचा एकुलता एक पोरगा, तेव्हा नुकताच शेतीला लागलेला. स्वभावानं गायीसारखा गरीब. डाळिंबाची बाग त्यानं लेकरासारखी वाढवली, पण घरात मीठ कुठं असतं हे त्याला विचारलं तर तो आईला हाक मारायचा. आई गेल्यावर हाक मारायलाही कुणी उरलं नाही. तेराव्यापर्यंत भावकीतून डबे आले, नंतर मी देत होते. एक दिवस आबांनी माझा डबा परत पाठवला. म्हणाले, उद्यापासनं नगं, एका वस्तीवरची बाई येत जाईल, पहाटं येऊन दोन्ही टायमाचं करून जाईल.

ही बाई कुणी पाहिली नाही. कुठल्या वस्तीवरची, कुणाची कोण, काही पत्ता नाही. पण होती नक्की, कारण आबा तिच्या तक्रारी करायचे. आज बाईनं मीठ जास्त टाकलं. बाईला वांगं काय जमत न्हाय. बाई आज उशिरा आली. पहाटं आमच्या भिंतीपलीकडं भांडी वाजायची, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि उजाडायच्या आत सगळं शांत व्हायचं.

आता गावाला एवढं पुरे झालं. पहाटं येते, उजाडायच्या आत जाते, कुणाला तोंड दाखवत नाही. कट्ट्यावर ठरून गेलं की आबांनी बाई ठेवली. कुणी तोंडावर चिडवलं तरी आबा होय म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. मिशीवरून हात फिरवून उठायचे. मला संताप यायचा. मी म्हणायचे, अक्काची राख थंड व्हायची तरी वाट बघायची होती या म्हाताऱ्यानं.

तशी सात-आठ वर्षं गेली आणि समाधान पस्तिशीला आला. आता दिवस उलटे फिरलेले. मुलीकडची माणसं घर बघून घेणार, मुली प्रश्न विचारणार, आणि निकालही त्याच देणार. त्यात आबांनी जन्मभर करून ठेवलेलं पुण्य आडवं आलं. ज्या घरांतल्या मुली त्यांनी नापास केल्या, त्याच घरांत आता भाच्या आणि पुतण्या लग्नाच्या झाल्या होत्या. माणसं काय विसरतात? पोराचा फोटो मागवून घ्यायचे आणि मग फोनच उचलायचे नाहीत. कुठं बोलणं थोडं पुढं सरकलंच तर कुणीतरी हळूच विचारायचं की ती पहाटं येणारी बाई कोण. तिथं सगळं बंद व्हायचं. समाधान नुसता पहिल्यापेक्षा जास्त वेळ बागेत राहायला लागला. भाऊबंदांतली त्याच्या बरोबरीची पोरं लेकरांना शाळेत सोडायला निघाली की हा तोंड फिरवून मोटर चालू करायला जायचा.

मग पणदऱ्याचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, भाजीच्या रोपांच्या नर्सरीत कामाला, हाताखाली दहा-बारा बायका. वडील नाहीत, आई आणि ती. आमच्या नात्यातून आलेलं स्थळ, त्यामुळं तिच्या आईनं मलाच फोन केला. पोरगा चांगला हाय असं कळलं, पण त्या बाईचं काय ते खरं सांगा, म्हणाली. मी तिला सांगितलं, बघून कळवते. आणि मनाशी ठरवलं की आता पुरे. म्हाताऱ्याच्या चैनीपायी पोराचा संसार बुडायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटं भिंतीपलीकडं थापल्याचा आवाज सुरू झाला तशी मी मागच्या दारानं गेले. दाराला आतून कडी. म्हटलं, आबा, दार उघडा, मला त्या बाईशी बोलायचंय. आवाज थांबला. मग कडी निघाली.

आत आबा एकटेच. कमरेला टॉवेल, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पीठ. परातीत अर्धी थापलेली भाकरी. तव्यावर एक टम्म फुगलेली, अशी की माझी सासू पाहून गप्प बसली असती. मी परातीकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि खाली बसून हसायला लागले. तोंडात पदर कोंबून हसले. आबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, दार लाव, कुणीतरी बघंल.

मी विचारलं, कधीपासून? पहिल्यापासनं, म्हणाले. पहिल्या महिनाभराच्या भाकरी म्हशीनं खाल्ल्या, मग जमाय लागलं. आणि ती वस्तीवरची बाई? ती कुठली, म्हणाले, ती तोंडाला आली ती आली, समाधानला ठावं हाय, पण त्येलाबी शपथ घातलीया. मग मात्र माझं हसू गेलं. म्हटलं, आबा, आख्खं गाव म्हणतंय तुमी बाई ठेवली. तुमाला एकदाही सांगावंसं वाटलं न्हाय, की अशी कुणी बाई न्हाय म्हणून?

आबा तव्यावरची भाकरी उलथत म्हणाले, "बाई ठिवली म्हणत्यात तर म्हणू द्यात. त्यात बाप्याचं काय जात न्हाय. भाकरी थापतो म्हणलं, तर बसायचं कुठं मी?"

बघा म्हणजे. बायकोच्या माघारी बदनामी चालेल, पोराचं लग्न मोडलं तरी चालेल, पण हाताला पीठ लागलेलं दिसायला नको. मला त्यांचा इतका राग आला की मी डोक्यावरचा पदर खाली पडला तरी उचलला नाही. पणदऱ्याची माणसं येतील तेव्हा त्यांच्यापुढं खरं बोला, नाहीतर मी बोलते, असं सांगून मी निघून आले.

रविवारी त्या दोघी मायलेकी आल्या. अश्विनी स्वतःच गाडी चालवत आली, आईला मागं बसवून. पंजाबी ड्रेस, पायात साधी चप्पल, नखांत मातीचा रंग. समाधान नवा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. मी पोहे केले होते. आबा टोपी घालून शेजारी बसले आणि सवयीनं त्या पोरीच्या हातांकडं बघायला लागले. मी खाकरले तेव्हा त्यांनी नजर काढली.

पोरीनं डाळिंबाचं विचारलं, समाधाननं छान सांगितलं. तेल्या रोगाला तो काय करतो यावर दोघं इतकी रमली की तिची आई माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, जमलं. मग आईनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, घरात स्वयंपाकाला कोण येतं?

समाधाननं मान खाली घातली. मी आबांकडं बघत होते. आबांनी मिशीवरून हात फिरवायला वर नेला आणि तसाच खाली घेतला. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि परात घेऊन बाहेर आले. बैठकीच्या खोलीत, दोन परक्या बायकांसमोर, मांडी घालून खाली बसले. पीठ मळलं. गोळा केला. दोन्ही हातांनी भाकरी फिरवत थापली, कड कुठंही न फाटता. आत जाऊन भाजून आणली आणि अश्विनीच्या पुढं धरली.

म्हणाले, "ह्यो मीच. दुसरं कोण येत न्हाय."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींचे हात उलटेपालटे करून बघितले, तो आज आपले हात पुढं करून निकालाची वाट बघत होता. अश्विनीनं भाकरी घेतली, तुकडा मोडून खाल्ला. चांगली झालीय, म्हणाली. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात अश्विनीनं समाधानला विचारलं, तुम्हाला येते का करायला? समाधान म्हणाला, न्हाय. भाजी? न्हाय. चहा? समाधाननं आबांकडं बघितलं.

अश्विनी आबांकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं, उलट खूप जपून विचारलं. "मामा, तुमी या वयात शिकलात. मग यांना का न्हाय शिकवलं?"

मला वाटलं आता येतं भाषण, बांधाचं आणि वाफ्याचं. आबा पिठाच्या हातांकडं बघत राहिले.

"ह्येची आई गेली, तवा ह्यो ताटावर बसायचा अन् तसाच उठायचा," ते म्हणाले. "घास उतरत नव्हता पोराला. म्हणलं, आई हुती तवा जसं ताट म्होरं यायचं तसं आलं पायजे. पोटात जाईल मग. ह्येला जर म्हणलो असतो, ये, शिक, तर ह्येला कळलं असतं की आता घरात कोण न्हाय आपलं करायला."

समाधान उठून बाहेर गेला.

अश्विनीनं उरलेली भाकरी ताटलीत ठेवली. मग म्हणाली, मामा, तुमी त्यांच्या आईचं सगळं केलं. पण तुमच्यामागं ते माझ्याकडं येणार. नर्सरी करून, घर करून, वर आईपण पण. माझ्यानं न्हाय व्हायचं ते. आबांच्या पायाला हात लावून ती निघाली. तिच्या आईला थांबायचं होतं, पण पोरगी गाडीवर बसली होती.

राग कुणाचा करावा हेच मला कळेना. त्या पोरीचं काय चुकलं होतं? तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आणि आबांनी मायाच केली होती, पण ती माया करतानाही वाटणी मोडली नव्हती. स्वतः बाई झाले, लपून झाले, पण पोराला बाप्याच ठेवलं. अक्कानं हेच केलं असतं, आणि या घरात पुढं कोणती बाई आली असती तर तिलाही हेच करावं लागलं असतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आत गेले. आबा परात धूत होते. मी सगळं बोलले. म्हटलं, अक्काला तुमी सोसायला लावलं आणि त्याला ताकद म्हणालात. पोराला तुमी पांगळं केलं आणि त्याला माया म्हणताय. उद्यापासून समाधानला हितं परातीवर बसवा, तुमाला लाज वाटत असंल तर मी शिकवते. तुमी किती वर्षं पुरणार त्याला? आबा ऐकून घेत होते. मला वाटलं, पटलं.

मग त्यांनी परात पुसली आणि डब्यातून पीठ काढलं. मी विचारलं, आता काय करताय? म्हणाले, पोरगं रानात गेलंय, सकाळपासनं पोटात काय न्हाय त्येच्या, यील आता.

मी म्हटलं, "मघाशी केलेली हाय की. तेवढी खाईल."

"ती गार झाली, शालन," आबा म्हणाले. "त्येला गरम लागती."

आणि माझा हात बघा. एवढं सगळं बोलून झाल्यावर तोच पुढं गेला, आणि मी तव्याखालचा गॅस पेटवला.